लोणी कुणाच्या ताटातलं?

४ फेब्रुवारी

बारके,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता ड्रॉवरमध्ये टाकशील. टाक. ड्रॉवर कधीतरी आवरायला निघतोच.

मी दोन महिने घरी नसेन, एवढंच कळवायचं होतं. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले आहे. आजारी नाही. इथे वजनाचा अभ्यास चालू आहे. जाड माणसांना मोजून कमी खायला घालायचं, बारीक माणसांना मोजून जास्त, आणि कागदावरच्या हिशेबाप्रमाणे जाड खरंच उतरतात का, बारीक खरंच भरतात का ते पाहायचं. मी कुठल्या गटात आहे ते तुला सांगायला नको.

रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेब म्हणाले, "तुम्ही लोकांचे दावे तपासता, आता स्वतःचाच तपासून घ्यायला निघालात?" विम्याच्या कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर असले विनोद अंगाला लागत नाहीत. पण म्हणाले ते खरंच.

तू परिचारिका, तुला इथली शिस्त आवडेल. स्वयंपाकघराला कुलूप. बटाट्याची फोडसुद्धा काट्यावर चढून येते. जेवण झालं की हातात एक रबरी पट्टी देतात. तिने ताट निपटायचं, निपटलेलं खायचं, मग ताटात थोडं कोमट पाणी घालून ते फिरवून प्यायचं. पहिल्या दिवशी मी ताट तसंच खाली ठेवलं. स्वयंपाकघरातल्या बाई दारात हात बांधून उभ्या होत्या. म्हणाल्या, "प्या. त्यात तुमचं चार ग्रॅम सूप आहे." प्यायले.

शेजारच्या खोलीत गाडी शिकवणारे एक मास्तर आहेत. हँगरला शर्ट अडकवावा तशी अंगकाठी. त्यांना दुप्पट खायचंय. मधलं बाथरूम आम्हा दोघांत मिळून एक, दोन्हीकडून दार आणि दोन्हीकडून कडी.

काल ताट धुऊन पिताना तुझ्या फ्रिजवरचा आईचा तक्ता आठवला. सकाळी अमुक, दुपारी तमुक, आणि शेवटच्या रकान्यात वजन, जे हलत नव्हतं. आईच्या कपाटामागे तो बिस्किटांचा डबा सापडला त्याला आता चार वर्षं होतील, आई गेली त्याला तीन. आई म्हणाली होती, "मी खाल्लं नाही गं." मी म्हणाले होते, "मी आणून दिला नाही." तू दोघींपैकी एकीवरही विश्वास ठेवला नाहीस, आणि मला तुझं दार बंद झालं.

आता मी कुलपात आहे. मी काय खाते त्याला साक्षीदार आहेत. आईचा बांधा माझ्याकडेच आलाय, तोच घेर, तेच दंड. बघू या तो काय बोलतो.

बाबांना सांग, गुडघ्याचा पट्टा वापरा. तुझ्या चिंगीला मावशीने विचारलंय म्हणून सांग.

मोठी


१३ फेब्रुवारी

बारके,

उत्तराची वाट पाहत नाही, पण टपालवाला जिना चढतो तेव्हा कान तिकडे जातो.

आज तुला आवडेल अशी बातमी आहे, म्हणून आधी तीच. इथे येण्यापूर्वी दोन आठवडे मी घरी काय खाते ते लिहून ठेवायला सांगितलं होतं. त्याच काळात एक खास पाणी प्यायला दिलं आणि रोज लघवीचे नमुने घेतले. त्यावरून म्हणे शरीराने खरोखर किती जाळलं ते कळतं, आणि वजन तेवढंच राहिलं असेल तर माणसाने खाल्लं किती तेही कळतं. निकाल काल हातात आला. मी लिहिलं होतं त्याच्यापेक्षा मी सुमारे एक तृतीयांश जास्त खात होते.

हसलीस ना?

मी आधी चिडले. मग कागद मागून घेतला आणि आडवा-उभा तपासला. बारके, मी खोटं लिहिलं नव्हतं. मला प्रामाणिकपणे तेवढंच वाटत होतं. चहाबरोबर येताजाता उचललेलं, भांड्यातलं उरलेलं, ते माझ्या लेखी खाणंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "सगळी जाडी माणसं अशीच लिहितात?" त्या म्हणाल्या, "बारीकही लिहितात. सगळेच कमी लिहितात. बारकांची वही कुणी तपासायला मागत नाही, एवढंच."

हे तुला कळवायलाच हवं होतं. आईची बाजू घेऊन मी चार वर्षं मनातल्या मनात भांडतेय, पण त्या भांडणात माझी वही पुरावा म्हणून चालणार नाही. कचेरीत मी लोकांना हेच सांगते, तुमच्या विरुद्ध जाणारा कागद आधी टेबलावर ठेवा.

डॉक्टरीणबाई मला आवडतात. त्यांच्याकडे एक सूत्र आहे, इतकं कमी खाल्लं तर इतकं वजन उतरेल. भिंतीवर माझी रेघ आधीच आखून ठेवली आहे, खाली उतरणारी. माझे रोजचे ठिपके त्या रेघेवर बसतात का ते पाहायचं. मी त्यांना म्हणाले, "ठिपके नाही बसले तर?" त्या म्हणाल्या, "तर रेघ चुकली." वाक्य ऐकून बरं वाटलं.

सध्या तरी ठिपके अगदी आज्ञाधारक आहेत. भूक आहे, पण तिची तक्रार नाही. भुकेपेक्षा थंडी जास्त वाजते. सगळे अर्ध्या बाह्यांत फिरतात आणि मी दोन स्वेटर घालून.

मास्तरांचे हाल बघवत नाहीत. त्यांच्यापुढे लोणी थापलेल्या ब्रेडची चळत येते, वर चीज, वर दुधाचा मोठा पेला. काल म्हणाले, "मॅडम, आयुष्यभर विद्यार्थ्यांना ओरडत आलो, ब्रेक दाबा, ब्रेक दाबा. इथे माझाच पाय कुणी ब्रेकवर ठेवू देत नाही." मी म्हटलं, "आपण ताटं बदलू." हसताना त्यांना ठसका लागला.

इथे कुणी हसलं की स्वयंपाकघरातल्या बाई बाहेर डोकावतात, काही सांडलं का बघायला.

मोठी


२४ फेब्रुवारी

बारके,

ठिपके थांबलेत. आठवडा होऊन गेला. रेघ खाली चालली आहे आणि माझे ठिपके तिच्या वर आडवे, ओळीने, मुंग्यांसारखे. डॉक्टरीणबाई काही बोलत नाहीत. त्यांची तरुण आहारतज्ज्ञ आहे, ती मात्र काट्यावरून उतरल्यावर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघते. ती नजर मला पाठ आहे. तू पाठ करून घेतली आहेस.

एक किरकोळ गोष्ट झाली. माझी बॅग तपासली. खोलीची साफसफाई चालू होती, ओघानेच. कपाट आणि उशीचा अभ्राही. टूथपेस्टची नळी दाबून पाहिली. मी कॉटवर बसून होते. आहारतज्ज्ञ म्हणाली, "नियम आहे, मनाला लावून घेऊ नका." मी म्हणाले, "माझंही हेच काम आहे, फक्त मी आधी पत्र पाठवते."

याहून गमतीची गोष्ट सांगते. मास्तरांचेही ठिपके बसत नाहीत. त्यांची रेघ वर चालली आहे आणि ते आहेत तिथेच आहेत. आज सकाळी काट्यावरून उतरले तेव्हा आहारतज्ज्ञ खुशीत म्हणाली, "काय मस्त आहे हो तुमचं शरीर! खाल्लेलं जाळून टाकतंय!" त्यांच्यासाठी जादा रक्ततपासणी मागवली आहे. नातेवाइकांत कोण कोण असं काटकुळं आहे त्याची चौकशीही चालू आहे.

मी वाट पाहिली. त्यांची बॅग कुणी उघडली नाही.

दोन माणसं, दोन्ही रेघेवर नाहीत. एकाच्या बाबतीत शरीर रंजक आणि दुसऱ्याच्या बाबतीत माणूस लबाड. मी हे सहज म्हणून डॉक्टरीणबाईंना बोलले. त्या थांबल्या, चष्मा काढला, पण तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

कचेरीत आम्ही नवीन पोरांना शिकवतो, "गाडी का आपटली?" याला "थांबायला हवी तिथे थांबली नाही" हे उत्तर खोटं नसतं, पण तेवढंच लिहून आणलं तर फाईल तोंडावर येते. ब्रेक गेला होता का, रस्ता ओला होता का, समोर कोण आलं, ते सांग. आईला आयुष्यभर प्रत्येक डॉक्टर एवढंच सांगत राहिला, "खाणं जास्त होतंय." बरोबरच असेल. पण पुढचा प्रश्न कुणी विचारला? गुडघा दुखला तरी वजन, धाप लागली तरी वजन, शेवटी बोलताना तोंड वाकडं झालं तेव्हाही आलेला डॉक्टर आधी विचारता झाला, "वजन किती यांचं?"

तुला बोल लावत नाही. तक्ता तू तिच्यासाठीच केला होतास.

मोठी


२८ फेब्रुवारी

बारके,

बॅग तपासली ती साफसफाईच्या ओघात नव्हे. तेवढं मी तुला खोटं लिहिलं. माझ्यावर संशय होता, आणि आज तो खरा ठरलाय. म्हणजे त्यांच्या मते.

बाथरूममधल्या पाण्याच्या टाकीमागे सफाईवाल्या मावशींना एक पुडकं सापडलं. हात पुसायच्या कागदात गुंडाळलेलं, लोणी लावलेला ब्रेड, दोन चीजचे तुकडे, वाळून कडक झालेले. मला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बोलावलं. टेबलावर पुडकं उघडून ठेवलेलं, जणू मेलेला उंदीर.

आहारतज्ज्ञ म्हणाली, "आम्ही रागावणार नाही. फक्त खरं सांगा. किती दिवस चाललंय?"

मी म्हटलं, "हे लोणी आहे."

"दिसतंय."

"माझ्या ताटात लोणी नसतं. ब्रेडही नसतो. स्वयंपाकघराला कुलूप. मग माझ्याकडे आलं कुठून?"

तिने पुडकं जवळ ओढून पाहिलं. मग म्हणाली, "शेजारच्यांच्या ताटातून घेतलं असेल."

बारके, तिच्या डोक्यात कुठला विचार कुठल्या विचारामागून आला ते मी समोर बसून पाहिलं. लोणी मास्तरांच्या ताटातलं, इथपर्यंत ती आली. तिथून पुढे मास्तरांनी टाकलं असेल, हे एक पाऊल होतं. ते सोडून ती लांबचा वळसा घालून माझ्यापर्यंत पोचली. बारीक माणसाच्या ताटातलं जाड माणसाने चोरलं, हे तिला जास्त सोपं वाटलं.

मास्तरांना विचारलंत का, असं मी म्हणणार होते. म्हणाले नाही. एका माणसावरचा संशय उचलून दुसऱ्यावर ठेवायचा, त्याला तपास म्हणत नाहीत. आणि खरं सांगू, धीरही झाला नाही. इतक्या लोकांना मी टेबलाच्या या बाजूने प्रश्न विचारले. पलीकडे बसून "मी खाल्लं नाही" म्हटलं की ते आपल्याच कानाला खोटं ऐकू येतं, हे आज कळलं.

डॉक्टरीणबाईंनी निर्णय सोमवारवर ठेवलाय. बहुधा मला अभ्यासातून काढतील. माझे आकडे रद्द. आईच्या बांध्याने काय सांगितलं ते कचऱ्यात.

आता एक गोष्ट सांगते जी तुला कळू न देण्याचं मी कबूल केलं होतं. इथे येण्याआधी चिंगीने मैत्रिणीच्या फोनवरून मला फोन केला होता. तुमच्या घरात चीज आणि बिस्किटं कमी होतात, म्हणून तू कपाटाला पुन्हा कुलूप लावलंस, फ्रिजवर पुन्हा तक्ता लावलास, या वेळी तिच्या नावाचा. शाळेतून आल्यावर तिचं दप्तर बघतेस. ती रडत नव्हती. नुसती म्हणाली, "मावशी, मी खरंच नाही खाल्लं." आणि मग, "तू तरी विश्वास ठेव."

मी ठेवते म्हणाले. पण मी तरी कशाच्या जोरावर म्हणाले? तिने खाल्लंय की नाही, मला ठाऊक नाही. मी या कुलपात येऊन बसले ती आईसाठी, असं तुला लिहिलं. आईसाठी आता काही करता येत नाही. मी आले तेरा वर्षांच्या त्या मुलीसाठी. तुझ्यापुढे ठेवायला माझ्या शब्दापलीकडे काहीतरी हवं होतं.

तिला रागावू नकोस. फोन केल्याबद्दल तरी नको.

मोठी


३ मार्च

बारके,

मला काढलं नाही. कसं ते सांगते, आणि त्यातून मला जे सुचलं तेही सांगते. शेवटपर्यंत वाच.

सकाळी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले, तर मास्तर आधीच तिथे उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट. मला म्हणाले, "बसा मॅडम, मी उभाच बरा." मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, "ते लोणी माझं. घशाखाली उतरत नव्हतं. ताट निपटून दाखवायचो, पण ब्रेड बाहीत सरकवायचो. आधी सगळं संडासात टाकत होतो. त्या दिवशी पाणी तुंबलं, म्हणून टाकीमागे ठेवलं."

आहारतज्ज्ञ पांढरी पडली. "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

मास्तर म्हणाले, "बाई, कुणी विचारलंच नाही. तुम्ही येता, माझ्या शरीराचं कौतुक करता, रक्त घेता. मी कुठल्या तोंडाने सांगू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यांना विचारताय हे कळलं, तेव्हाच यायला पाहिजे होतं. तीन दिवस नुसता दाराशी येऊन परत गेलो."

 मग डॉक्टरीणबाई उठल्या, भिंतीवरचे मास्तरांचे सगळे ठिपके त्यांनी काढून टाकले आणि म्हणाल्या, "या अभ्यासात जे व्हायला नको होतं ते मीच केलं. रेघ चुकली असेल असं म्हणत होते, आणि वेळ आल्यावर रेघेवर विश्वास ठेवला, माणसावर नाही." नंतर आहारतज्ज्ञ माझ्या खोलीत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. "सॉरी" म्हणायला आली होती, म्हणाली मात्र, "तुमचं स्वेटर कुठून घेतलं?" पोर वाईट नाही.

आता माझं.

आज दुपारी पडल्या पडल्या मास्तरांचं ते वाक्य डोक्यात फिरत होतं. कुणी विचारलंच नाही. आणि एकदम तो डबा डोळ्यांपुढे आला. निळा, पत्र्याचा, तळाला माझ्या कचेरीखालच्या दुकानाचं लेबल. त्या लेबलावरून तर तू मला पकडलंस. त्या दुकानातून आपल्या घरी येणारी मी एकटीच, असं तू धरलंस. मीही तेच धरलं होतं. मला वाटायचं, आईनेच कुणाकडून तरी मागवला असेल, आणि ती ते कबूल करायला लाजत असेल.

बारके, त्या काळात बाबा दर गुरुवारी मला भेटायला कचेरीत यायचे. चहा घ्यायचो, मग मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायचे. ते खाली दुकानाशी रेंगाळायचे. मी वरून पाहिलंय.

हे मला चार वर्षांत सुचलं नाही, कारण बाबा बारीक. त्यांनी तर जाहीर केलं होतं, "तुझी आई जे खाईल तेच मी खाईन, तिला सोबत." केवढं कौतुक वाटलं होतं आपल्याला. संशय घ्यायचा तर दोघीच होतो, आई आणि मी, कारण दोघीच त्या आकाराच्या होतो.

मी म्हणत नाही डबा बाबांचा होता. दुकानाशी थांबणं म्हणजे पुरावा नव्हे. ते वर्तमानपत्रही घेत असतील. जे आईशी झालं ते त्यांच्याशी करू नकोस, समोर बसवून "खरं सांगा" म्हणू नकोस. फक्त विचार. जसं एखाद्याला वेळ विचारतात तसं.

मोठी


२० मार्च

बारके,

तुझं काही आलं नाही. मी लिहून दडपण आणलं असेल. आज फक्त निकाल कळवते.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी काट्यावर चढले आणि काटा बराच खाली आला, एकाच दिवसात. रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या चालू होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही जणांत असं होतं, चरबी उतरत असते पण शरीर पाणी धरून बसतं, मग एकदम सोडतं. मी विचारलं, "का?" म्हणाल्या, "नक्की माहीत नाही." चाळीस वर्षं जाडी काढल्यावर पहिल्यांदा कुणी पांढऱ्या कोटातलं माणूस माझ्यापुढे असं म्हणालं.

पण ठिपके अजूनही रेघेच्या वरच आहेत. इथे एक बंद खोली आहे, तिच्यात दिवसभर बसवून आपल्या श्वासावरून शरीर किती जाळतंय ते मोजतात. खोली नीट मोजते की नाही हे बघायला आधी तिच्यात मोजून स्पिरिट जाळतात. माझ्या खेपेचा निकाल असा, की कमी खायला लागल्यापासून माझं शरीर सूत्राला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी जाळतंय. म्हणून ती थंडी. हे आकडे संगणकात आधीच पडून होते. कुणी उघडले नव्हते. आधी बॅग उघडली.

यातून आईबद्दल काय कळतं? फार थोडं. तिलाही माझ्यासारखीच थंडी वाजायची, उन्हाळ्यात शाल घेऊन बसायची, हे आठवतंय. तिनेही माझ्यासारखंच न कळत थोडं खाल्लं असेल, हेही शक्य आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. मी इथे आले तेव्हा मला वाटत होतं, तुझ्या तोंडावर फेकायला एक आकडा घेऊन बाहेर पडेन. तसा आकडा नाही. कमी खाल्लं की वजन उतरतं, तू म्हणत होतीस ते खोटं नाही. किती, कधी आणि कुणाचं, ते कुणालाच नीट सांगता येत नाही, एवढंच मी बघितलं.

मास्तर घरी गेले. जाताना मला त्यांनी पत्ता दिला. म्हणाले, "गाडी शिकायला या. ब्रेक कुठे असतो तेवढं तरी दाखवीन."

मोठी


३ एप्रिल

बारके,

तुझं पत्र काल मिळालं. शेवटच्या दिवशी, सामान बांधताना. चार वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, औषधाच्या चिठ्ठीसारखंच आहे अजून. मी ते आधी उभ्याने वाचलं, मग बसून.

तू बाबांना विचारलंस. भांडी पुसता पुसता, पाठ फिरवून, सहज. आणि ते म्हणाले, "माझाच होता."

पुढचं तू एका ओळीत लिहिलंयस. ती ओळ मी इथे पुन्हा लिहिते, नीट कळावी म्हणून. डबा सापडला त्या दिवशी बाबा उठून सांगायला निघाले होते, आणि आईने त्यांचा हात धरून खाली बसवलं. म्हणाली, "बसा. माझ्यावर तसाही कुणाचा विश्वास नाही. तुमच्यावरचा कशाला घालवता?"

म्हणजे तिला ठाऊक होतं. "मी खाल्लं नाही गं" एवढंच ती म्हणाली, तेवढंच खरं होतं आणि तेवढंच तिने सांगितलं. तुझं दार मला बंद झालं तेव्हा ती बाबांकडे बघत असेल, आणि बाबा जमिनीकडे. त्यानंतर वर्षभर बाबा तिच्याबरोबर बिनमिठाचं सूप प्यायले, एक दिवस चुकवला नाही, असं तू लिहितेस. त्यांना आता काही बोलू नकोस. त्यांचं ते रोज पीत असतील.

माझी माफी मागू नकोस. तू मागितलेली नाहीस, ते बरंच केलंस. तू रात्रपाळी करून यायचीस आणि आईच्या पायाची सूज दाबून बघायचीस, तेही मला आठवतं. तू भीत होतीस. भ्यालेल्या माणसाला तक्ता बरा वाटतो.

शेवटी तू लिहिलंयस, "डब्याचं कळलं. पण चिंगीचं मला अजून नक्की माहीत नाही. बाबा म्हणतात, चीज ते घेत नाहीत. मग कोण घेतं? मी काय करू, ताई?"

काल इथलं शेवटचं जेवण होतं. स्वयंपाकघरातल्या बाईंनी ताट ठेवलं आणि रबरी पट्टी दिली नाही. मी मागितली. त्या म्हणाल्या, "आता नको. आता तुमचं तुम्ही." मग पहिल्यांदाच दारात उभं न राहता आत निघून गेल्या. ताटात एक घास उरला होता. मी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत बसले. खाल्ला की ठेवला, ते आता कुठेच लिहिलेलं नाही.

मलाही माहीत नाही, बारके. चिंगीने घेतलं असेल. वाढत्या वयात भूक लागते, कुलूप बघितलं की आणखी लागते. नसेलही घेतलं. ते कळल्याशिवाय तिच्याशी नीट वागायचं नाही, असं थोडंच आहे? आईच्या बाबतीत आपण खात्रीची वाट बघत बसलो, आणि खात्री आली ती आई गेल्यावर.

तक्ता काढ. किल्ली कपाटाला लावलेलीच राहू दे. तिला शेजारी बसवून विचार, भूक लागते का, थंडी वाजते का, शाळेत कुणी काही म्हणतं का. ती जे सांगेल ते ऐक. आणि ती उठून गेली की तिच्यामागे कपाट उघडून बघू नकोस.

मी रविवारी येते. दारात उभी राहीन.

मोठी